जीपी दवाखान्यांच्या दुरुस्तीचा निधी: आपण काय करायचं?

प्रेषक: माधवी

सस्नेह नमस्कार मंडळी,

मे २०२५मध्ये सरकारने इंग्लंडमधल्या हजारावर जीपी (फॅमिली डॉक्टरांच्या) दवाखान्यांच्या सुधारणेसाठी १० कोटी २० लाख पौंड जाहीर केले. आमच्या दवाखान्यात मात्र वीटही हललेली नाही. रांगेतलं जुनं दुमजली घर, तपासणीच्या दोन्ही खोल्या वर, जिना अरुंद. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून नर्स खाली आली आणि पॅसेजमध्ये खुर्ची टाकून त्यांचं बीपी घेतलं. लोक अंग चोरून बाजूने जात होते.

त्याहून वाईट म्हणजे काउंटरवर 'काय होतंय?' विचारतात ते मागच्या चौघांना ऐकू जातं. आपल्या कितीतरी बायका तिथे खरं सांगतच नाहीत, 'ताप आहे' म्हणून वेळ घेतात. मग दहा मिनिटांत डॉक्टरांपुढे मूळ दुखणं काढायचं राहूनच जातं.

आपल्या मराठी मंडळाने खासदारांना पत्र लिहावं का? डॉक्टरकाका, तुमची सगळी प्रॅक्टिस इथेच झाली, तुम्हीच सांगा.

प्रेषक: डॉक्टरकाका

माधवी, पत्र जरूर लिहा, पण त्याआधी दवाखान्याच्या मॅनेजरना भेट.

जीपी दवाखाना एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा असला तरी बहुतेक ठिकाणी तो चालवतात भागीदार डॉक्टर. इमारत कधी त्यांची, कधी खासगी मालकाची, कधी एनएचएसच्या मालमत्ता कंपनीची. डॉक्टरांची असेल तर एनएचएस तिच्या वापराचं भाडं देते, पण डागडुजी त्यांनीच बघायची. आमच्या वेळी भागीदार होताना इमारतीतला हिस्साही विकत घ्यायची रीत होती. आजच्या तिशीतल्या डॉक्टरला स्वतःच्या घराचे हप्ते भरताना हे दुसरं कर्ज नको असतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. जुने निवृत्तीला टेकलेले, नवे मालकी घ्यायला नाखूश. मग छपराकडे बघायचं कोणी?

लॉर्ड दार्झींच्या एनएचएसवरच्या सप्टेंबर २०२४च्या अहवालात आकडा आहे: प्राथमिक आरोग्यसेवेच्या २० टक्के इमारती १९४८पूर्वीच्या, म्हणजे एनएचएस सुरू होण्याच्याही आधीच्या, आणि ५३ टक्के तीस वर्षांहून जुन्या. भारतातून आलेले बरेच डॉक्टर अशाच घरांत बसले. खाणकामगारांच्या गावांत आणि शहरांच्या गरीब वस्त्यांत जायला इथले डॉक्टर फारसे तयार नसत. वेल्समधल्या अशाच एका गावात काम करणाऱ्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१मध्ये लिहून ठेवलं, की जिथे उपचारांची गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी मिळते. इमारतींनाही हे तंतोतंत लागू आहे, याचा मला आजही राग येतो.

आता पैशाचं. हजार दवाखान्यांत वाटले तर सरासरी लाख पौंड. एवढ्यात नवी इमारत होत नाही, खोली मात्र होते. कित्येक दवाखान्यांत एक अख्खी खोली कागदी रेकॉर्डने भरलेली असते: तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९११च्या विमा कायद्यापासून चालत आलेली मळकट पाकिटं, छतापर्यंत रॅकवर. ती स्कॅन करून हलवली, हात धुवायचं बेसिन बसवलं, दार रुंद केलं, की तळमजल्यावर तपासणीची खोली तयार. तुझ्या सासूबाईंना तेवढंच हवंय.

निधी दिल्लीसारखा लंडनहून सुटला तरी कोणता दवाखाना पुढे करायचा यात तुमच्या भागातल्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाचा (एनएचएसच्या स्थानिक मंडळाचा) शब्द चालतो. बोर्डापुढे तयार नकाशा आणि खर्चाचा अंदाज लागतो, आणि दिवसभर पेशंट बघणाऱ्या छोट्या दवाखान्याला तेच जमत नाही. तिथे रुग्णांनी मागे उभं राहायचं. प्रत्येक दवाखान्याला रुग्णांचा गट ठेवणं कराराने बंधनकारक आहे, पण त्यात आपली माणसं क्वचित दिसतात. गटात जा, जिन्याचं आणि काउंटरचं लेखी द्या, बैठकीच्या इतिवृत्तात येऊ द्या. आणि जवळपास नवी वसाहत होत असेल तर कौन्सिलच्या नियोजन विभागाला विचारा. बिल्डरकडून नियोजन कायद्याच्या 'सेक्शन १०६'खाली मिळणारा पैसा दवाखान्यासाठी मागता येतो.

प्रेषक: कार्यवाह

मंडळाच्या नावाने पत्र पाठवायचं तर समितीत ठराव लागेल, तो पुढच्या बैठकीत घेते. ते कोणत्याही पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात नसेल, ही अट मात्र राहील.

प्रेषक: माधवी

काका, आज मॅनेजरबाईंना भेटले. रेकॉर्डची खोली आहे, तीही तळमजल्यावर, काउंटरच्या मागेच! रुग्णगटात सध्या सगळे निवृत्त इंग्रज आजी-आजोबा आहेत. मी नाव दिलंय. आपल्यापैकी ज्यांचा दवाखाना हाच आहे त्यांनी मला कळवा, बैठक संध्याकाळी असते. काउंटरचा मुद्दा मी एकटीने मांडला तर ती एका बाईची तक्रार ठरेल. चौघी-पाचजणी तरी हव्यात.