तालुक्यातील रोजगार-सेवा एकत्र आणायच्या, तर सुरुवात कोणी करावी?

प्रश्न : स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ता

आमच्या तालुक्यात शासकीय आयटीआय आहे, पंधरा किलोमीटरवर एमआयडीसी आहे, जिल्ह्याच्या गावी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बचत गट आहेत, आणि आमची संस्था मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेते. तरीही कारखानदार माणसे मिळत नाहीत म्हणतात आणि फिटर, वेल्डर झालेली मुले घरी बसून आहेत. मागच्या रोजगार मेळाव्यात एका मुलीने एकाच गुणपत्रिकेच्या चार झेरॉक्स चार टेबलांवरच्या चार वेगळ्या अर्जांना जोडल्या. त्यानंतर तिला एकाही टेबलावरून फोन आला नाही, आणि तिचे पुढे काय झाले हे विचारण्याची जबाबदारी आमच्यापैकी कोणावरच नव्हती. ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. या सर्वांची मोट बांधायची कोणी?

उत्तर : निवृत्त शिल्प निदेशक (आयटीआयमधील शिक्षक)

नवी समिती काढण्याआधी जुनी तपासा. 2007-08 मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक-खासगी भागीदारीतून 1,396 शासकीय आयटीआय सुधारण्याची योजना आणली. त्यात संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळण्याची सोय होती, अध्यक्षपद उद्योगाच्या प्रतिनिधीकडे आणि सचिवपद प्राचार्यांकडे आले. तुमची आयटीआय त्यात असेल, तर उद्योग आणि शिक्षण यांना एका टेबलाशी बसवणारी व्यवस्था तुमच्याकडे आधीच आहे. मी ज्या बैठका पाहिल्या, त्यांत बराचसा वेळ यंत्रखरेदीतच जाई. एकदा मात्र एक उद्योजक सदस्य थेट आमच्या वेल्डिंगच्या कार्यशाळेत आले आणि त्यांनी मुलांचे जोड हातात घेऊन पाहिले. जोड चांगले होते, पण ड्रॉइंग समोर ठेवल्यावर ते कोणालाच वाचता येईना. पुढे त्यांचा पर्यवेक्षक दर शनिवारी दोन तास येऊन ड्रॉइंग वाचायला शिकवू लागला. त्यासाठी एक रुपयाही मंजूर करून घ्यावा लागला नाही.

उत्तर : लघुउद्योजक

माझ्याकडे चाळीस कामगार आहेत. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, हे मला फार उशिरा कळले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली त्यांच्या विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, दरमहा 1,500 रुपयांच्या मर्यादेत, सरकार उचलते, हेही तेव्हाच समजले. या योजनेच्या पोर्टलवरची नोंदणी आयटीआयमधल्या एका निदेशकांनी शेजारी बसून करून दिली, म्हणून ती झाली. चार संस्था चार दिवशी चार फॉर्म घेऊन आल्या, तर मी कोणालाच वेळ देऊ शकत नाही. माझे शॉप फ्लोअर पाहिलेला एकच माणूस सर्वांच्या वतीने येऊ द्या. पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या जागा निघणार आहेत, हे मी त्याला आधी सांगेन.

उत्तर : गावपातळीवर बचत गटांचे काम करणारी ताई

एसटीचा विषय अजून कोणी काढलेला नाही. आमच्या गावातील अकरा मुलींची एका कारखान्यात निवड झाली. पहिली पाळी सकाळी सातला आणि गावातून पहिली गाडी साडेसातला, त्यामुळे आठ दिवसांत सात जणींनी काम सोडले, आणि कारखान्यात मात्र या मुली टिकत नाहीत असे बोलले जाऊ लागले. ग्रामपंचायतीचे पत्र, कारखान्याचे पत्र आणि प्रवाशांची यादी घेऊन आम्ही आगारात गेलो, तेव्हा गाडीची वेळ बदलली. त्यानंतर आम्ही आयांना कारखाना दाखवायला नेले. स्वच्छतागृह आणि जेवणाची जागा डोळ्यांनी पाहिल्यावरच त्यांनी मुलींना पुन्हा पाठवले. तुमच्या बैठकीला आगारातील माणूसही बोलवा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. आयटीआयच्या प्राचार्यांची भेट मी याच आठवड्यात मागत आहे. उमेदवारांच्या संमतीने सर्वांची मिळून एकच नोंदवही ठेवावी, तीत मुलाखत, रुजू, एक महिना आणि तीन महिने असे रकाने असावेत, आणि प्रत्येक नावापुढे त्या मुलाला किंवा मुलीला फोन करणाऱ्या एका व्यक्तीचे नाव लिहावे, असा प्रस्ताव मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. मेळाव्यातील त्या मुलीचे नाव पहिल्या ओळीत असेल आणि तिला फोन मी करीन.