शॉक द्यायला भूलतज्ज्ञ हवाच का?

उंबरठा: काकूंना तीव्र नैराश्य. खाणंपिणं बंद, भरवलेला घास गालातच धरून बसायच्या. डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा शॉक सुचवला. पण तिथे भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनदाच येतो. सहा दिवस सलाईनवर काढले, आणि काम काय, तर दहा मिनिटांचं! पूर्वी भुलीशिवाय देतच होते ना? माझ्या मते कायद्याने पेशंटची अडवणूकच केलीय.

भूलवाला: देत होते, आणि मणकेही मोडत होते. १९३८ मध्ये रोमला पहिला शॉक दिला तेव्हा अख्खं शरीर झटके खायचं. आता पेशंट झोपल्यावर सक्सिनिलकोलीन देतो, स्नायू ढिले पडतात. त्याआधी एका पायाला बीपीचा पट्टा आवळतो, म्हणजे औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. शॉकने मेंदूत आकडी यावीच लागते, ती आली की नाही, ते त्या पावलाच्या थरथरीवरून कळतं. जबडा मात्र औषध देऊनही करकचून आवळतो, करंट थेट तिथल्या स्नायूंतून जातो ना! म्हणून दातांत गार्ड. आधी नाडी एकदम मंदावते, मग धावत सुटते. साठीच्या बाईच्या हृदयावर हे बघायला कुणी नको?

तालुक्याचा डॉक्टर: साहेब, भुलीशिवाय द्या असं मीही म्हणत नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ९५, अगदी योग्य. पण तातडीच्या उपचारांच्या कलम ९४ मध्येही ईसीटीला मज्जाव आहे. आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेला पेशंट मी गाडीत घालून जिल्ह्याला पाठवू? शिवाय कलम ९५ मध्ये भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध म्हटलंय, देणारा कोण ते तिथे लिहिलेलं नाही. एखाद्या एमबीबीएसला नीट शिकवून तयार करा की!

भूलवाला: झोपवायला कुणीही शिकेल हो. पण त्या चार-पाच मिनिटांत पेशंटचा श्वास बंद असतो, मास्क धरून फुगा तुम्हाला दाबायचा असतो. काहींच्या रक्तात ते औषध मोडणारं एन्झाइम कमी असतं, मग चार मिनिटांचं औषध तासन्‌तास उतरत नाही. व्हेंटिलेटर आहे तालुक्याला?

तालुक्याचा डॉक्टर: नाही. तुम्हीही नाही आहात, मुद्दा तोच आहे. आठवड्यातून एक सकाळ या, पेशंट मी गोळा करून ठेवतो.

भूलवाला: एका सकाळीने भागतं का? शॉक आठवड्याला दोन-तीन लागतात. दोन सकाळी येईन. पण ऑक्सिजन, सक्शन आणि मॉनिटर आधी दाखवा.

साधीच_मी: उंबरठा, सहा दिवस कसे? आठवड्यातून दोनदा येतो म्हणता, म्हणजे तीन-चार दिवसांत व्हायला हवं होतं.

उंबरठा: ताई, पकडलंत. भूलतज्ज्ञ तिसऱ्या दिवशी आले होते. रात्रीपासून काही देऊ नका, असं सांगितलेलं. पहाटे काकूंनी आठवड्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणून आमच्या वहिनीने दुधाचा चहा पाजला. पोटात दूध असताना भूल देणार नाही म्हणाले आणि पुढची तारीख दिली.