ॲड्रिनल सपोर्टची गोळी नक्की कधी घ्यायची? (मदत हवी आहे)

दमलेली_गोदा:
वहिनीने अमेरिकेहून ॲड्रिनल सपोर्टची, म्हणजे थकव्यावरच्या गोळ्यांची, बाटली आणलीय. वर 'दिवसातून दोनदा' एवढंच लिहिलंय. एक सकाळी सहाला घेते, दुसरी रात्री जेवल्यावर. पंधरा दिवस झाले. दुपारी तीनला डोळे मिटतात आणि रात्री टक्क जागी. नाश्त्याआधी घेऊ की नंतर? फक्त वेळ सांगा. डॉक्टरकडे जावं हे मलाही कळतं.

आडकित्ता७:
वय? बीपी? बाकी औषधं? बाटलीत काय काय आहे?

कोकणकडा:
बाटली ठेवा बाजूला. अश्वगंधा चूर्ण, गरम दूध, झोपताना. दोन महिन्यांत माणूस उभा राहतो. मी राहिलो.

मुक्काम_एडिसन:
इथे दुकानात या बाटल्यांची अख्खी भिंत असते. (एडिसन हे न्यू जर्सीतलं गाव. ॲड्रिनल म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी; त्या खरंच निकामी होतात तो ॲडिसनचा आजार वेगळा, त्याला स्टेरॉइड लागतं, सप्लिमेंट नाही.) या ग्रंथींचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटेपासून चढतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. म्हणून इथले लोक पहिली गोळी नाश्त्याबरोबर घेतात, दुसरी दुपारच्या जेवणाबरोबर. तुमची रात्रीची वेळ चुकतेय. बाकी 'ॲड्रिनल फटीग' (ॲड्रिनल दमल्याने येणारा थकवा) हे नाव १९९८ साली जेम्स विल्सन या कायरोप्रॅक्टरने (मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्याने) दिलं. एंडोक्राइन सोसायटी ही संप्रेरकतज्ज्ञांची संघटना असा आजारच मानत नाही.

कोकणकडा:
अमेरिकेतली सोसायटी मानत नाही म्हणून आमचा थकवा खोटा?

मुक्काम_एडिसन:
थकवा खोटा कोण म्हणालं? त्याचं कारण ॲड्रिनल दमल्या हे नाही, एवढंच. वाचून भांडा.

पावशेर:
कस्टमवाले अशा किती बाटल्या आणू देतात? भावाला सांगायचंय.

दमलेली_गोदा:
धाग्याचं काय चाललंय! वय ४४. बीपी मोजलेलं नाही. औषधं काही नाहीत, थायरॉइडची नेहमीची आहे, ती काय आजकाल घरटी एक असतेच. लेबल: व्हिटॅमिन सी, बी६, पॅन्टोथेनिक ॲसिड, मॅग्नेशियम, अश्वगंधा, लिकोरिस रूट, बोव्हाइन ॲड्रिनल.

आडकित्ता७:
ती 'नेहमीची' कधी घेता?

दमलेली_गोदा:
सहालाच. दोन्ही एका घोटात, मग चहा.

आडकित्ता७:
अहो, हेच आधी सांगायचं! थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने, तासभर थांबलात तर उत्तम. मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह यांच्यात आणि तिच्यात चार तास जाऊ द्या, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. एकीकडे थायरॉइडची गोळी वाया घालवताय आणि दुसरीकडे उत्साहाची वाट बघताय.

वैद्य_नाही_मी:
शिवाय लिकोरिस म्हणजे आपलं ज्येष्ठमध. घसा बसल्यावर एक काडी चघळणं वेगळं. अर्क रोज पोटात गेला तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. आणि कोकणकडा, अश्वगंधेने काहींच्या थायरॉइड संप्रेरकांचे आकडे वर जातात. दुधात घातली म्हणून ती निरुपद्रवी होत नाही.

कोकणकडा:
माझे गेले नाहीत.

वैद्य_नाही_मी:
तपासले होते?

मुक्काम_एडिसन:
आणखी एक. २०१८ मध्ये इथल्या बारा ॲड्रिनल सप्लिमेंट्सची तपासणी प्रसिद्ध झाली. बाराही नमुन्यांत थायरॉइडचं संप्रेरक सापडलं, निम्म्याहून जास्त नमुन्यांत स्टेरॉइड संप्रेरकही. लेबलवर नाव नसताना. तुमच्या बाटलीत तसं असेलच असं नाही, पण तुम्ही आधीच थायरॉक्सिनवर आहात. मी तरी ती कपाटात ठेवली असती.

पिठलंभाकरी:
माझ्या सासूबाईंचा असाच थकवा होता, बी१२ निघालं. शाकाहारी असाल तर बघून घ्या. हिमोग्लोबिनही.

दमलेली_गोदा:
शाकाहारीच आहोत. बरं, ते बोव्हाइन म्हणजे काय?

मुक्काम_एडिसन:
गाय-बैल. त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी वाळवून केलेली पूड.

दमलेली_गोदा:
काय?? आमच्याकडे अंड्याचा केक उंबऱ्याच्या आत येत नाही! पंधरा दिवस मी देवपूजेआधी हे गिळतेय. वहिनीला फोन लावते, तिथे आत्ता रात्रीचे कितीही वाजले असोत.

पावशेर:
कस्टमचं राहिलंच.

आडकित्ता७:
गोदाताई, फोन झाला की एवढं सांगा, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं होतं?

दमलेली_गोदा:
गेल्या दिवाळीला. नाही, त्याच्या आधीच्या.