झोप लागली तरी बुडत नाही

फ्लोट टँक म्हणजे खारट पाण्याची बंद टाकी, तिच्यात शांतपणे तरंगत पडून राहायचं. या टाकीत डोळा लागला तर माणूस बुडेल आणि झाकण लावलं की गुदमरेल, असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. 1954 साली अमेरिकेत जॉन लिली या मेंदू-संशोधकाने पहिली टाकी केली तेव्हा तोंडाला मास्क लावून पूर्ण पाण्याखाली राहावं लागायचं, तिथे ही भीती ठीक होती. आताच्या टाकीत पाणी जेमतेम फूटभर, त्यात शेकडो किलो एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलेलं, त्यामुळे उताणं पडलं की अंग आपोआप वर राहतं, पालथं व्हायलाच जोर लावावा लागतो. झाकण सहसा आतून ढकललं की उघडतं, नाहीतर उघडंच ठेवा ना, दिवाही चालू ठेवा.

मला अवघड गेली ती मान. मी घोडबंदर रोडला राहतो, रोज ट्रॅफिकमध्ये ताठ बसून मान इतकी आखडलेली की पाण्यातसुद्धा डोकं उचलूनच धरलं होतं, ते सोडून द्यायला बराच वेळ गेला, मग मात्र स्वतःच्या हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकू यायला लागले आणि पाणी त्वचेच्याच तापमानाचं, साधारण 35 अंश, म्हणून हात कुठे संपतो नि पाणी कुठे सुरू होतं तेच कळेना. फार छान वाटलं, खरंच. जाणार असाल तर त्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग नको, बारीकसा ओरखडासुद्धा चांगलाच झोंबतो, आणि ओला हात डोळ्याला अजिबात लावू नका. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.