इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेला प्रपोजल पाठवायचंय, जरा बघता का?

झेडपीवाली_बाई: नमस्कार मंडळी. एका परिषदेसाठी प्रपोजल लिहितेय, २५० शब्दांत बसवायचंय, पुढच्या शुक्रवारपर्यंत. मी झेडपीच्या शाळेत चौथी-पाचवी एकत्र घेते. विषय 'इंग्रजी अध्यापनात मातृभाषेचे स्थान', आणि सुरुवात 'आजच्या जागतिकीकरणाच्या युगात इंग्रजीचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' अशी केलीय, पुढे गाडी अडलीय. वर्गात मी करते ते एवढंच, जुन्या लग्नपत्रिकांना कोरा कागद चिकटवून एका बाजूला मराठी शब्द, मागे इंग्रजी. तीन पोरं 'मी', 'आंबा', 'खातो' अशी ओळीत उभी राहतात, मी म्हटलं इंग्लिश! की सगळे पत्रिका उलटतात आणि 'खातो'वाला पळत मध्ये घुसतो. पण एवढ्यावर कुणी बोलू देईल का?

खडू_डस्टर: अहो बाई, प्रपोजल तर इथेच लिहिलंत की! ते जागतिकीकरण आधी उडवा, परीक्षकाला असे ढीगभर कागद वाचायचे असतात, दुसऱ्या ओळीला तो पुढच्यावर जातो. आणि 'मातृभाषेचे स्थान' हा पीएचडीचा विषय झाला, अर्ध्या तासात काय काय सांगणार? शीर्षक 'द रनिंग व्हर्ब' असलं काहीतरी द्या. सुरुवातीलाच अडचण सांगा, मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून पोरं 'आय मँगो ईट' म्हणतात. मग तो पळापळीचा खेळ, आणि ऐकायला आलेला शिक्षक सोमवारी आपल्या वर्गात काय करू शकेल ते. बास.

निवांत_सर: वरच्यांशी सहमत, पण थिअरी अगदीच सोडू नका, काही परीक्षक तेच शोधतात. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलंय की पहिल्या भाषेतली समज दुसरी शिकताना कामी येते, त्यावर एक वाक्य पुरे, परिच्छेद नको. 'निकालात ८० टक्के सुधारणा' वगैरे ठोकून देऊ नका हं, त्यापेक्षा एकाच मुलाच्या वहीतली जूनची आणि डिसेंबरची वाक्यं शेजारी ठेवा. आणि नियमावली नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी नाव झाकून तपासतात, तिथे शाळेचं-गावाचं नाव मजकुरात आलं तर प्रपोजल बाद होऊ शकतं.

मराठी_मिडियम: पेपर कशाला, वर्कशॉप प्रकारात टाका ना. शिक्षकांनाच पत्रिका देऊन उभं करा, मिनिटांचा हिशेबही लिहा, तो नसला की वाटतं यांनी घरी करून बघितलेलं नाही. आणि खेळात प्रश्नार्थक वाक्यं पण घ्या. 'तू आंबा खातोस का' मधला 'का' सगळ्यात शेवटी असतो, उलटला की 'डू' होऊन थेट पहिला!

झेडपीवाली_बाई: अय्या, हे 'का'चं लक्षातच नव्हतं आलं, उद्याच करून बघते. पण मग 'खात नाही'चं काय, तिथे 'नाही'चा 'डोन्ट' होऊन 'ईट'च्या पुढे जातो आणि दोघांनाही मध्ये यायचं असतं, बाकावर आपटतील कार्टी.

मराठी_मिडियम: त्यांना व्हरांड्यात न्या.