६.५ क्रीडमूर की .३०८? हरणासाठी पहिली स्वतःची रायफल

गवतीचहा:
दोन हंगाम उसन्या रायफलीवर काढले, आता स्वतःची घ्यायची आहे. मी टेक्ससमध्ये ऑस्टिनला असते. फ्रेडरिक्सबर्गच्या पुढे एका रँचवर आम्ही चौघांनी मिळून शिकारीची लीज घेतली आहे. पत्र्याचं मचाण, समोर मक्याचा फीडर, मधलं अंतर ११० यार्ड. हरणं पांढऱ्या शेपटीची, पण हिल कंट्रीतली, म्हणजे अंगाने लहानखुरी. चांगला नरसुद्धा ७० किलोच्या पुढे क्वचितच जातो. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि मी अजून दोन काडतुसांत अडकलेय: ६.५ क्रीडमूर आणि .३०८ विंचेस्टर.

रायफल ठरली आहे, ती दोन्हींत मिळते, किंमतही तीच. दुकानदार म्हणाला, "६.५ घ्या, तुम्हाला झेपेल." तेव्हापासून मुद्दाम .३०८ घ्यावीशी वाटतेय. हे काही कारण नव्हे, कळतं मला.

(अवांतर, एच-वन-बीवाल्यांसाठी: या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. चालू शिकार परवाना हा त्यातला अपवाद. त्यामुळे मी पासपोर्टच्या आधी परवान्याची तारीख बघते.)

ठासणीवाला:
.३०८. धागा बंद करा.

बरं, कारणं देतो. माझं लहानपण सिंधुदुर्गात गेलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. दारू किती, छर्रे किती, सगळं हाताच्या अंदाजाने. त्या बंदुकीने मला एकच शिकवलं: भोक मोठं पाहिजे. फुप्फुसात गोळी लागलेलं हरीणसुद्धा जागच्या जागी पडत नाही, पन्नास-शंभर यार्ड धावतं. तुमच्याकडे सीडरची दाट झुडपं आहेत. संध्याकाळी सहाला त्यात हातात टॉर्च घेऊन ओणवं फिरायचं असेल तर जमिनीवर रक्त दिसायला हवं, आणि ते पलीकडून बाहेर पडलेल्या जाड गोळीने दिसतं.

दुसरं, .३०८ आली १९५२ साली, दोन वर्षांत नाटोने तिचं लष्करी भावंड उचललं. तेव्हापासून ती खेड्यातल्या दुकानातही मिळते. २०२०-२१ च्या टंचाईत मी ह्यूस्टनपासून तीन तास गाडी हाकली आणि एका हार्डवेअरच्या दुकानात मला दोन डबे मिळाले. कशाचे, ते सांगायला नको.

वारा_किती:
ठासणीवाले, मोठं भोक म्हणजे किती मोठं? ६.५ च्या गोळीचा खरा व्यास ६.७ मिलिमीटर, .३०८ चा ७.८. फरक १.१ मिलिमीटर. आता वजन बघा. ६.५ ची नेहमीची शिकारी गोळी १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), .३०८ ची १५० ची. सोनाराच्या भाषेत पहिली ७६ गुंजा, दुसरी ८०. म्हणजे तुमचा सगळा दरारा चार गुंजांचा.

उलट, जवळजवळ तेवढंच वजन कमी जाडीत बसवलं की गोळी लांबट होते, हवा कमी खाते आणि आत जास्त खोल जाते. स्वीडन-नॉर्वेत ६.५ × ५५ नावाचं जुनं काडतूस आहे, १८९४ पासूनचं. त्याच जाडीच्या गोळीने तिकडे मूस मारतात. मूस म्हणजे म्हशीला लाजवेल असं जनावर. तुमचं हरीण त्याच्यापुढे शेळी.

आणि धक्का. फूट-पाउंड हे त्याचं माप. आठ पाउंडांच्या रायफलीत ६.५ चा धक्का साधारण १३ फूट-पाउंड, .३०८ चा गोळीप्रमाणे १६ ते १८. माझ्यासारख्या साडेसहा फुटी माणसालाही दिवसभरात चाळीस बार काढल्यावर हा फरक जाणवतो. तेव्हा "झेपेल" हा शब्द दुकानदाराचा चुकला, सल्ला नाही.

ठासणीवाला:
तुम्ही डेन्व्हरला राहता, दरीच्या पलीकडच्या म्यूल डिअरवर, म्हणजे डोंगराळ भागातल्या मोठ्या हरणावर, नेम धरता. तिथे ६.५ ला माझा सलाम. पण बाई ११० यार्डांवर बसल्यात. तिथे वाऱ्याचं काय लोणचं घालायचं? क्रीडमूर हे नावच मुळी न्यू यॉर्कजवळच्या जुन्या नेमबाजीच्या मैदानाचं. २००७ साली हॉर्नडी या काडतुसांच्या कंपनीने काढलं तेही लक्ष्यावर नेम मारणाऱ्यांसाठी. कागद रक्ताचा माग सोडत नाही.

वारा_किती:
११० यार्डांवर दोन्ही सारख्या, हे आधीच मान्य. २०० यार्डांवर नेम बसवला तर ३०० वरसुद्धा खाली पडण्यात इंच-दीड इंचाचा फरक. म्हणून तर म्हणतो, बाकी सगळं सारखंच असेल तर कमी धक्क्याची घ्या. बाकी सगळं सारखं असताना जास्त मार खायचा, ही कुठली मर्दानगी?

करडई:
पुण्यातून. माफ करा, पण वाचवत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली ती उगाच नव्हे. मका टाकून हरीण बोलवायचं, पत्र्याच्या डब्यात लपून त्याला मारायचं, आणि वर चर्चा कशाची, तर भोक किती मिलिमीटरचं. यात पराक्रम कसला?

गवतीचहा:
@करडई, पराक्रम नाहीच. मी दोन माद्या मारते, फ्रीझर भरतो, वर्षभर आमच्या घरात विकतचं मटण येत नाही. मक्याचं म्हणाल तर मलाही ते टोचतं, इथे कायद्याने चालतं एवढंच. पण इथली गोष्ट वेगळी आहे. लांडगे कधीच संपले. पूर्वी स्क्रूवर्म नावाची माशी पाडसांच्या नाळेत अंडी घालायची आणि अळ्या त्यांना जिवंत खायच्या. साठच्या दशकात गुरांसाठी त्या माशीचा बंदोबस्त झाला आणि हिल कंट्रीत हरणं इतकी वाढली की कोवळं झाड उरत नाही. मी नाही मारलं तर ते दुष्काळात किंवा गाडीखाली मरतं. तुम्ही शाकाहारी असाल तर तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. नसाल तर आपण वेगळा धागा काढू.

करडई:
शाकाहारी नाही. निरुत्तरही नाही, पण थांबतो.

तांबडा_रस्सा:
मिनेसोटाहून. तुम्ही दोघं भांड्यावरून भांडताय, आत काय शिजतंय ते बघतच नाही. काडतूस म्हणजे पितळी डबी. हरणाला लागते ती गोळी. त्याच ६.५ मध्ये मऊ शिशाची, प्लास्टिकच्या टोकाची गोळी मी ९० यार्डांवर वापरली होती. ती लांबच्या पल्ल्यासाठी केलेली. जवळून, पूर्ण वेगात हाडावर बसली आणि फुटली. हरीण पडलं, पण पुढचा एक खांदा काळानिळा, रक्ताने फुगलेला, खिम्याच्याही लायकीचा नाही. ठासणीवाल्यांची बाहेर पडणारी गोळी बाहेर पडलीच नाही.

दुसरं म्हणजे शिसं. २००८ मध्ये शेजारच्या नॉर्थ डकोटात गरिबांना दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले आणि अन्नछत्रांना ते मांस बाजूला काढावं लागलं. त्यानंतर केलेल्या रक्ततपासणीत शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं. थोडंच, पण माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी त्या वर्षीच तांब्याच्या गोळ्यांवर गेलो. तांबं फुटत नाही, चार पाकळ्या उघडून पार जातं. जखमेच्या कडेपर्यंतचं मांस खाता येतं. महाग आहे, आणि उघडायला वेग लागतो, म्हणून फार जड गोळी घ्यायची नाही. .३०८ मध्ये १५० च्या आत, ६.५ मध्ये १२० च्या आसपास.

गवतीचहा:
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी खिम्यात दाताखाली कण आला तो मी हाड समजले होते.

एसएलआरवाला:
नमस्कार ताई. मी निवृत्त फौजी, सध्या मुलाकडे डॅलसला. नोकरीची पहिली बरीच वर्षं ७.६२ ची एसएलआर, म्हणजे फौजेची जुनी रायफल, खांद्यावर वागवली. तिचं काडतूस म्हणजे तुमच्या .३०८ चं लष्करी भावंड. सगळ्यांना वाटेल मी तिचीच बाजू घेणार.

रंगरूट नेम का चुकतात ते सांगतो. धक्का खांद्याला बसतो तो नंतर. त्याच्या आधी डोळा मिटतो आणि हात चापाला झटका देतो. गोळी खाली डावीकडे जाते. हे माणसाला स्वतःला कळत नाही, कारण त्याच क्षणी बार होतो आणि सगळं झाकलं जातं. परीक्षा सोपी आहे. मैत्रिणीला सांगा, पाच काडतुसांत दोन डमी, म्हणजे बार न होणारी खोटी काडतुसं, मिसळ, मला न सांगता भर. डमीवर चाप ओढलात आणि नळी डुलली, तर तुमचं काडतूस चुकलंय किंवा दस्ता, म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकणारा भाग. बायकांच्या बाबतीत बहुतेकदा दस्ता. तो सरासरी पुरुषाच्या हाताच्या मापाचा असतो. लांब दस्ता खांद्यात बसत नाही, दंडावर बसतो, आणि मग १३ फूट-पाउंडही तीस वाटतात.

आणखी एक. फौजेची जुनी काडतुसं स्वस्त मिळतात म्हणून हरणाला वापरू नका. त्यांची गोळी पूर्ण आवरणाची असते, न उघडता आरपार जाते, जनावर मैलभर जाऊन मरतं. बऱ्याच राज्यांत तिला बंदीच आहे.

ठासणीवाला:
साहेब, तुम्ही आमच्या बाजूचे समजत होतो.

एसएलआरवाला:
मी नेमाच्या बाजूचा.

वारा_किती:
+१. नळीच्या आयुष्याबद्दल कोणी बोलायच्या आधी मीच कबूल करतो: ६.५ ची नळी अडीच-तीन हजार बारांत थकते, .३०८ ची पाच हजारांच्या पुढेही चालते. ताई वर्षाला शंभर बार काढणार. म्हणजे पंचवीस वर्षांनी नवी नळी. तोवर ग्रीन कार्ड येईल बहुतेक.

गवतीचहा:
जखमेवर मीठ नको.

शनिवारी रेंजवर गेले. मैत्रिणीची .३०८ आणि तिच्या नवऱ्याची ६.५, दोन्हींत डमी मिसळून. .३०८ वर दोन्ही डमींना नळी खाली गेली. ६.५ वरही दोन्हींना गेली! म्हणजे वारा_किती यांचे चार फूट-पाउंड कुठे उपयोगी पडले नाहीत. मग मैत्रिणीने दोन्ही रायफलींच्या दस्त्यामागची रबरी गादी उघडून आतले स्पेसर (लांबी वाढवणाऱ्या चकत्या) काढले, दस्ता पाऊण इंचाने आखूड केला. पुन्हा .३०८: एकदा डुलली, एकदा नाही. मग ६.५: एकदाही नाही. आठ डमींचा हिशेब कागदावर लिहून ठेवलाय, पण एका दुपारचा आहे, त्यावर कोणी सिद्धांत मांडू नये. १०० यार्डांवर दोन्हींचे गट, म्हणजे कागदावरची भोकं, दोन इंचांच्या आत होते.

आज दुकानात गेले. आखूड दस्त्याचं मॉडेल फक्त ६.५ मध्ये शिल्लक होतं. घेतली. दुकानदार हसला, मी हसले नाही. १२० ग्रेनच्या तांब्याच्या गोळ्यांचे तीन डबे घेतले, नेम १०० यार्डांवर दीड इंच वर बसवणार आहे.

तांबडा_रस्सा:
पहिल्या हरणाचा पुढचा खांदा जपून ठेवा. हाडासकट, मंद आचेवर चार तास.

ठासणीवाला:
अभिनंदन. माझी लीज मेसनला आहे, तुमच्यापासून तासभर. ओपनिंगला काडतुसं घरी विसरलात तर फोन करू नका, माझ्याकडची तुम्हाला चालणार नाहीत.