पडद्यावरच्या नायिकेला तिच्या पोशाखात हात वर करता येतो का?

प्रश्न – जुळे सोलापूरची आई

नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला वंडर वुमन व्हायचे आहे, म्हणून आम्ही भाड्याने पोशाख देणाऱ्या एका दुकानातून तो आणला. तिच्याच वर्गातल्या मुलाला तिथेच सुपरमॅनचा अंगभर पोशाख मिळाला. हिच्या वाट्याला मात्र उघड्या खांद्यांची घट्ट चोळी आणि टिकल्या लावलेला तोकडा घागरा आला. काल रंगीत तालमीत ढाल उचलायला हात वर केला की चोळी खाली सरकू लागे, त्यामुळे सगळा प्रवेश तिने एका हाताने चोळी धरून केला. घरी येऊन तिने विचारले, "आई, ती हे घालून लढते कशी?" मला उत्तर देता आले नाही. अतिमानवी शक्तींच्या आणि विज्ञानकथांच्या चित्रपटांत स्त्रिया अशाच का दाखवतात, आणि मुलीला दाखवावे असे वेगळे काही आहे का?

उत्तर – निवृत्त शिक्षक, सात रस्ता

ताई, मुलीचा प्रश्न फार नेमका आहे. वंडर वुमन 1941 साली विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने निर्माण केली, आणि स्त्रीच्या सामर्थ्याचा आदर्श मुलांपुढे यावा हाच त्यांचा हेतू होता. तरीही तिच्या अंगावर पहिल्यापासून तोकडेच कपडे आले. हेतू चांगला असला तरी रेखाटणाऱ्याची नजर बदलतेच असे नाही.

माझ्या मते कपड्यांइतकेच महत्त्वाचे हे आहे, की कथेत त्या स्त्रीला काही ठरवता येते की नाही. 1979 सालच्या 'एलियन'मधली रिप्ली पाहा. अनोळखी जीव चेहऱ्याला चिकटलेल्या सहकाऱ्याला घेऊन लोक यानाच्या दाराशी येतात, तेव्हा विलगीकरणाचा नियम सांगून ती दार उघडायला नकार देते. दुसराच एक जण तिला डावलून दार उघडतो आणि पुढचा सारा अनर्थ त्यातून घडतो. तिचे धैर्य प्रथम दिसते ते हातातल्या शस्त्रात नव्हे, तर वरिष्ठ दाराबाहेर उभे असताना नियमावर ठाम राहण्यात. या चित्रपटाच्या पटकथेतच नोंद होती, की यातील पात्रे स्त्री किंवा पुरुष कोणीही असू शकतात. बाईची भूमिका म्हणून लिहिली नाही, म्हणूनच ती इतकी खरी उतरली, असे मला वाटते. अर्थात शेवटच्या प्रसंगात तिलाही अंतर्वस्त्रांवर दाखवण्याचा मोह आवरलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. चित्रपट भयाचा आहे, त्यामुळे सहावीतल्या मुलीला तो आत्ता दाखवू नका. हा प्रसंग मात्र गोष्ट म्हणून जरूर सांगा.

उत्तर – गणवेश शिवणारी, पूर्व भाग

अक्का, मी अठरा वर्षे गणवेश शिवते, त्यामुळे मी पडद्यावर आधी शिवण पाहते. चोळी सरकते याचे कारण सोपे आहे. मुंढा, म्हणजे हात घालायची कापणी, खोल कापला आणि काखेत कळी, म्हणजे हाताला मोकळीक देणारा जोडकापडाचा तुकडा, घातला नाही, तर हात वर केला की सगळे कापड हाताबरोबर ओढले जाते. पोलिसाचा, परिचारिकेचा, शाळेचा, कोणताही गणवेश बेतताना आम्ही पहिल्यांदा विचारतो, की घालणारा माणूस यात वाकणार आहे, धावणार आहे की बसून राहणार आहे. तुमच्या लेकीच्या पोशाखात हा विचार कोणी केलेला नाही. ती उभी राहिल्यावर कशी दिसेल एवढाच केलेला आहे.

2017 साली हाच फरक दोन चित्रपटांत शेजारी शेजारी दिसला. पॅटी जेन्किन्स यांनी दिग्दर्शित केलेल्या 'वंडर वुमन'मध्ये ॲमेझॉन स्त्रियांची, म्हणजे नायिकेच्या बेटावरच्या योद्ध्यांची, चिलखते पोट झाकणारी होती. त्याच वर्षीच्या 'जस्टिस लीग'मध्ये त्याच बेटावरच्या काही योद्ध्यांचे पोट उघडे ठेवले होते, आणि त्यावर बरीच टीकाही झाली. पोट ही शरीरातली सर्वांत मऊ जागा; तीच उघडी ठेवून कोणी तलवारीसमोर जाईल का? चिलखतावर छातीचे दोन उंचवटे ठोकणेही तसेच चुकीचे आहे, कारण वार घसरून बाजूला जाण्याऐवजी मधल्या खाचेत, म्हणजे नेमका छातीच्या हाडावर येतो.

मुलीला 2004 चा 'द इन्क्रेडिबल्स' दाखवा. त्यात एडना नावाची, वीरांचे पोशाख करणारी ठेंगणी बाई आहे. पाठीवरचा झगा कुठे कुठे अडकून कोणाकोणाचा जीव गेला, हे ती एकेक करून सांगते आणि झगा लावायला साफ नकार देते. आमच्या कामाचा असा मान मी पडद्यावर क्वचितच पाहिला.

उत्तर – अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

मला एक काळजी वाटते. या चर्चेचा निष्कर्ष "मुलींनी अंगभर कपडे घालावेत" असा निघू नये. 2010 च्या 'एंदिरन' या तमिळ चित्रपटातल्या सना या नायिकेचे कपडे हा प्रश्नच नाही. ती वैद्यकीय शिक्षण घेते, पण कथेला तिच्या शिक्षणाशी फारसे देणेघेणे नाही. शास्त्रज्ञ आणि त्याने बनवलेला यंत्रमानव या दोघांनी जिच्यासाठी झगडावे, एवढेच तिचे स्थान आहे. याउलट 2022 च्या 'मिस मार्व्हल' मालिकेतली कमला खान शाळेत जाणारी मुलगी आहे आणि तिचा पोशाख शेवटी तिची आई तिच्या हातात ठेवते. तो प्रसंग मी माझ्या आईबरोबर पाहिला आणि आम्ही दोघीही काही वेळ बोललो नाही.

मापाचा प्रश्न पडद्यापुरता नाही, हेही तुमच्या मुलीला सांगा. मार्च 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर प्रथमच केवळ दोन स्त्रिया काम करणार होत्या. पण अवकाश पोशाखाचा मध्यम मापाचा धडाचा भाग एकच तयार असल्याने तो बेत बदलावा लागला. अखेर 18 ऑक्टोबर 2019 रोजी क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर या दोन अंतराळवीर स्त्रिया बाहेर पडल्या.

प्रश्नकर्ती – जुळे सोलापूरची आई

सर्वांचे मनापासून आभार. अवकाश पोशाखाची हकीकत तिने दोनदा वाचून घेतली. दुकानदाराने पोशाखात बदल करायची परवानगी दिली आहे, मात्र कापू नका असे सांगितले आहे. स्नेहसंमेलन शनिवारी आहे. अक्का, न कापता कळी घालता येईल का?

उत्तर – गणवेश शिवणारी, पूर्व भाग

येईल. काखेतली शीव तेवढी उसवा आणि चार बोटे रुंदीची, ताणल्या जाणाऱ्या कापडाची कळी बसवा. परत देताना ती काढून जुनी टीप पुन्हा घालता येते. खांद्यांना त्याच रंगाचे दोन पट्टे लावा. माप घेताना तिला ढाल हातात देऊन, दोन्ही हात पूर्ण वर करून उभी करा.